राखीव जागा

पिंटूच्या साखरपुड्याची पहिली पंगत बसली आणि कोणाच्या तरी फोनवर आकांक्षाचा आवाज सुरू झाला.

संध्या वाढत होती. वांग्याच्या भाजीची बादली तिच्या हातात तशीच राहिली. पोटच्या पोरीचा आवाज ओळखायला वेळ लागत नाही.

"सर, हे मी पुस्तकात नाही वाचलं," फोनमधली आकांक्षा सांगत होती. "माझ्या घरात पाहिलंय. माझी मोठीआई सरपंच आहे. ग्रामपंचायतीच्या मीटिंगमध्ये तिच्या खुर्चीवर माझे मोठेबाबा बसतात. कागद घरी येतात. मोठीआई कणकेचे हात पुसते आणि सही करते. जागा बाईसाठी राखीव आहे, सत्ता नाही."

मग टाळ्या. मग तेच पुन्हा पहिल्यापासून.

फोन मुलीकडच्या एका पाहुण्याचा होता. त्याने मान वर करून हसत विचारलं, "वहिनी, ही तुमचीच पोरगी ना? भलतीच बोलते बाप्पा!"

"भाजी घ्या," संध्या म्हणाली आणि त्याच्या ताटात न मागता दोनदा वाढली.

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला तिची मोठी जाऊ चंदा, आकांक्षाची मोठीआई, पोळ्या वाढत होती. तिनेही ऐकलं होतं. ऐकलं नसणं शक्य नव्हतं, घरातलाच हॉल, एवढासा. पण तिचा हात थांबला नाही. "घ्या ना, एक पोयी तरी घ्या," असं ती एकेका ताटाशी वाकून म्हणत पुढे सरकत होती, आणि जिच्या ताटाशी ती वाके ती बाई आधी तिच्या तोंडाकडे पाही, मग पोळी घेई.

अकोल्याला यायचंच नाही, असं संध्याने नवऱ्याला दोनदा सांगून पाहिलं होतं. पण गोदाबाई ही थोरली नणंद, तिच्या एकुलत्या पोराचा साखरपुडा. न जाऊन चाललं नसतं. आणि गेल्यावर हे होणार, हेही ठरलेलं होतं. याच शहरातल्या एका कॉलेजात मागच्या महिन्यात परिसंवाद झाला होता. राज्यशास्त्राच्या पोरापोरींनी निबंध वाचायचे होते. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाची आकांक्षा अमरावतीहून आली, तिने 'महिला आरक्षण आणि प्रत्यक्ष सत्ता' यावर निबंध वाचला. निबंधात गावाचं नाव नव्हतं, माणसाचं नव्हतं. पण शेवटी एका प्राध्यापकाने विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे पाहिलं? आणि पोरगी बोलून गेली. कोणीतरी ते फोनवर टिपलं.

आठ दिवसांत ते गावी, सावरगव्हाणला पोचलं. उपसरपंच चंद्रभानला हवं होतं तेवढं मिळालं. 'सरपंच स्वतः कारभार पाहत नाहीत, त्यांच्या घरचेच लोक सांगतात,' असं म्हणत त्याने तहसीलला अविश्वासाची नोटीस दिली. सभा परवावर आली होती.

संध्याने बादली ठेवली आणि आकांक्षाला शोधायला गेली. पोरगी हॉलच्या मागे, ताटं धुवायच्या नळाजवळ उभी होती. चेहरा पांढरा पडला होता.

"जेवली का?"

"भूक नाही."

"काहीतरी खाऊन घे. आता बोलावतील तुले."

"कोण?"

"सारेच," संध्या म्हणाली.

अमरावतीला राजापेठेत त्यांच्या घराखालीच क्लासेस होते. येता-जाता डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. बारावीनंतर आकांक्षाने राज्यशास्त्र घ्यायचं म्हटलं तेव्हा संध्या महिनाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. फार्मसी कर, नर्सिंग कर, काहीही कर, पण हे कोणतं शास्त्र, ज्याच्यानं ना दवाखाना निघत ना दुकान? तेव्हा नातीच्या बाजूने उभा राहिला होता तो तिचा आजा. "शिकू दे तिले," पंजाबराव म्हणाले होते. "ह्या घरानं राजकारण केलं, शिकलं कोणीच नाई." त्यांनी स्वतः वीस वर्षं सरपंचकी केली होती. नात पाच वर्षांची असल्यापासून सुट्टीत गावी आली की तिला ग्रामसभेला मांडीवर घेऊन बसत.

आज ते वरच्या खोलीत बसले होते, आणि त्यांनी नातीकडे सकाळपासून पाहिलंही नव्हतं.

---

गोदाबाईच्या घराची वरची खोली लहान होती. खाटेवर पंजाबराव, खिडकीशी त्यांचा थोरला मुलगा, चंदाचा नवरा किशोर. संध्याचा नवरा धर्मेंद्र दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. थोरल्या भावासमोर तो नेहमी दाराजवळच बसत असे.

किशोरचा फोन कानाला होता. त्याने तो खाली केला, पुन्हा लावला, पुन्हा खाली केला.

"मेंबर चतुराबाई बी उचलून नाई राहिली," तो म्हणाला. "तिचा नवरा उचलते. देवमन. म्हन्ते, देवदर्शनाले आलो भाऊ, आवाज येत नाई. च्या मायले, एवढ्या दिवसांत देव आठवला नाई आन् आताच आठवला?"

"किती गेले सहलीले?" पंजाबरावांनी विचारलं.

"सारेच गेले असतीन. चंद्रभाननं दोन गाड्या केल्या. बाया बी नेल्या, नवऱ्यायसंग. परवा सभेच्या टाईमाले थेट ऑफिसासमोर उतरवते तो."

पंजाबरावांनी डोळे मिटले. मतदानाआधी सदस्यांना पळवून नेणाऱ्या असल्या सहली त्यांनी स्वतः काढल्या होत्या. सदस्य गाडीत बसला की तो कसा असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

"आता एकच उपाय हाये," किशोर धर्मेंद्रकडे वळला. "पोरीनं व्हिडिओ कराचा. सांगाचं का मी जे बोलली ते आमच्या घरचं नाई. उदाहरण म्हून बोलली. कॉलेजवाल्यायनं बोलाले लावलं. आज रातच्या आत गावच्या साऱ्या ग्रुपवर गेला पायजे."

धर्मेंद्र अमरावतीत एका शाळेत लेखनिक होता. भावाने शेत सांभाळलं म्हणून त्याला शहरात राहता आलं, ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे. दाखवायची गरजच पडली नव्हती, कारण धर्मेंद्रने कधी वेळच येऊ दिली नव्हती.

"भाऊ, पण ती म्हणन का..."

"ती काय म्हन्ते ते कायले पाह्यतं? तू बाप हायेस ना तिचा?"

"करन ती," धर्मेंद्र म्हणाला. "मी सांगतो तिले."

"आन् कॉलेज बी पुरे झालं," पंजाबराव डोळे न उघडता म्हणाले.

हे धर्मेंद्रने अपेक्षिलं नव्हतं. "बाबा, शेवटचं वर्ष हाये. दोन-तीन महिने राहिले फक्त."

"मीच म्हटलं व्हतं शिकू दे. माहीच चूक. घरातलं भायेर नेते ते शिक्षण कायचं?"

दारात संध्या उभी होती. कधीपासून, ते धर्मेंद्रला कळलं नाही. तिच्यामागे आकांक्षा होती. संध्या सासऱ्यासमोर या घरात कधी बोलली नव्हती, निदान असल्या बैठकीत तर नाहीच. पदर सावरून ती आत आली आणि उभीच राहिली.

"मामाजी, मी तिच्या राज्यशास्त्राच्या विरोधात व्हती," ती म्हणाली. "आजही हाये. पण शेवटच्या वर्षात आणून पोरीले घरी बसवणार नाई मी. परीक्षा देईन ती."

"संध्या, तू खाली जाय," धर्मेंद्र हळूच म्हणाला.

"जाते. आधी हे सांगा, ती जे बोलली ते खोटं हाये का?"

खालून मुलीकडच्या बायांचा हसण्याचा आवाज आला.

"खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाई हा," किशोर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि धर्मेंद्रला त्याचीच जास्त भीती वाटली. "मी रातदिवस धावलो त्या गावासाठी. रस्ता आनला. टाकी उभी केली. जागा बाईची निघाली, मी काय करू? बायकोले उभी केली, तिच्यासाठी घरोघर फिरलो. अन् ही पोरगी माईकवर सांगते का मी खुर्ची बळकावली. माह्या मांडीवर खेळलेली पोरगी."

"मोठेबाबा, मी तसं नाही म्हटलं," आकांक्षा म्हणाली.

"मंग कसं म्हटलं?"

आकांक्षाने बापाकडे पाहिलं. धर्मेंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला आठवलं, लहानपणी शाळेत बक्षीस मिळालं की ही आधी गावी किशोरला फोन लावायची, मग त्याला सांगायची.

"व्हिडिओ कर बेटा," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाये. आपलं घर हाये शेवटी."

"ताईले विचारलं का कोणी?" संध्या म्हणाली.

"कायचं?"

"पद त्यायचं हाये. नोटीस त्यायच्या नावानं आली. व्हिडिओ कराचा का नाई, त्यायले विचारा ना."

किशोरने बायकोला हाक मारली. चंदा वर आली, हात पुसत. तिने सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं. मग ती म्हणाली, "पोरीवाले निघून राहिले. ओटी भराची राहिली. ते झालं का सांगते."

आणि खाली गेली.

---

गच्चीवर वाळत घातलेले पडदे होते. त्यांच्या आडोशाला आकांक्षाने फोन पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकवून उभा केला. ऊन कलत आलं होतं.

"नमस्कार. मी आकांक्षा. काही दिवसांपूर्वी माझा एक व्हिडिओ..."

तिने थांबवून पुसून टाकलं. पुन्हा सुरू केलं. "मी जे बोलले ते माझ्या घराविषयी नव्हतं." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तेही पुसून ती खाली बसली.

खोटं बोलायचं नाही, हे सोपं होतं. पण खरं बोलून काय झालं? मोठ्याआईला आज पंगतीत लोकांनी असं पाहिलं जसं उघड्या पडलेल्या माणसाला पाहतात. फोनवर त्या व्हिडिओखाली काय काय लिहिलेलं होतं ते तिने वाचलं होतं. काही तिची वाहवा करणारे. काही मोठ्याआईला अंगठाबहाद्दर म्हणणारे. मोठीआई दहावी पास होती.

पडदा बाजूला झाला. चंदा आली. हातात ताटली, ताटलीत दोन पोळ्या आणि भाजी.

"जेवली नाई म्हन्ते तुही माय. खाय."

"मोठीआई, मी..."

"आधी खाय."

आकांक्षाने एक घास घेतला. चंदा कठड्याला टेकून उभी राहिली. खाली गल्लीत पाहुण्यांची गाडी सुरू होत होती, गोदाबाई हात हलवून निरोप देत होती.

"तू लिव्हलं ते वाचलं नाई मी," चंदा म्हणाली. "फोनवरचंच ऐकलं. ते खरं हाये. सही घरीच करते मी. मीटिंगले तुहे मोठेबाबाच बसते. मी गेली तरी मांगं बसते, बायांसंग."

आकांक्षाने ताटली मांडीवर ठेवली.

"पण मले एक सांग. हे लिव्हाच्या आधी तू गावोगाव फिरली म्हन्ते."

"चांदूर बाजारकडच्या चार गावांत. सरपंच बायांशी बोलले."

"त्यायले विचारलं व्हतं, लिहू का म्हून?"

"हो. मॅडमनी सांगितलं होतं. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची परवानगी घ्यायची. नाव नको असेल तर नाव नाही टाकायचं."

"आन् मले विचारलं व्हतं?"

गाडी गल्लीच्या वळणावर गेली. हॉर्नचा आवाज येऊन थांबला.

"नाही," आकांक्षा म्हणाली.

"कावून?"

आकांक्षाने उत्तर शोधलं. खरं उत्तर असं होतं की तिला सुचलंच नव्हतं. मोठीआई घरात होती. भाकरी, लोणचं, दिवाळीचा फराळ, तसं तिचं गप्प बसणंही घरातलंच होतं. ते घ्यायला विचारावं लागतं, असं वाटलंच नाही.

"तुहे मोठेबाबा माह्या वतीनं बोलते," चंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मंग तू उठली. तू बी माह्याच वतीनं बोलली. मले कोणीच विचारलं नाई. विचारलं असतं ना, तं मी तुले दुसरं बी सांगितलं असतं. अंगनवाडीत नळ कोणी आनला? मोठेबाबा तवा नागपूरले दवाखान्यात व्हते, मुतखड्याचं ऑपरेशन. मी आन् चतुराबाई, दोघी बसनं अंजनगावले गेलो. पंचायत समितीत. तो साहेब म्हने, नवऱ्याले पाठवा. आमी बसलो तठीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नळ आला. ते लिव्हलं नाई ना तू?"

"मला माहीतच नव्हतं."

"मालूम कसं राहीन? घरात बी कोणाले मालूम नाई. तुह्या मोठेबाबाले वाटते त्यायनंच फोन लावला म्हून आला."

हे म्हणताना चंदाला थोडं हसू आलं. आकांक्षाला मात्र रडू आलं, आणि ताटली मांडीवर तशीच ठेवून ती रडली. चंदाने तिला जवळ घेतलं नाही. उभी राहिली, तिचं होईपर्यंत.

"चूप आता. मले कायदा सांग," ती मग म्हणाली. "त्यायले किती जन पायजेत?"

आकांक्षाने नाक पुसलं. "तीन चतुर्थांश. बाईची राखीव जागा आहे म्हणून. पुरुष सरपंच असता तर दोन तृतीयांशात झालं असतं. तुमच्याकडे नऊ सदस्य, म्हणजे त्यांना सात लागतील. सात झाले तरी तुम्ही थेट निवडून आलेल्या. मग पुन्हा ग्रामसभेत गावाचं मत घ्यावं लागतं."

"सभेत मले बोलता येते?"

"येतं. तो तुमचा हक्क आहे. तहसीलदार अध्यक्ष असतात, ते तुम्हाला अडवू शकत नाहीत."

"आन् तुह्या मोठेबाबाले?"

"त्यांना आत बसताच येत नाही. फक्त सदस्य आणि सरपंच."

चंदाने दोरीवरचा एक पडदा ओढला, घडी घातली, दुसरा ओढला.

"व्हिडिओ करू नको."

"मोठेबाबा?"

"त्यायले मी सांगते. आन् हे पाह्य, मले काही लिहून देऊ नको. काय बोलाचं ते माहं मी पाहीन."

खाली जाताना तिने पडद्यांची घडी छातीशी धरली होती.

---

सभेच्या दिवशी किशोर नेहमीसारखा चंदाच्या पुढे चालत ग्रामपंचायतीत शिरला आणि दारातच अडवला गेला.

"सदस्य आहात?" तहसीलदारांनी विचारलं. तरुण माणूस होता, नवीन आलेला.

"मी सरपंचाचा..."

"मग बाहेर थांबावं लागेल."

मागे चंद्रभानच्या गाड्या आल्या होत्या. सदस्य उतरत होते, कपाळाला गंध, हातात प्रसादाच्या पिशव्या. किशोरने एकेकाकडे पाहिलं. ज्याच्या पोराला त्याने नोकरीला चिकटवलं होतं त्याने मान वळवली. चतुराबाई नवऱ्याच्या मागून खाली पाहत गेली. सगळे आत गेल्यावर दार लागलं. ज्या बाया निवडून आल्या होत्या त्यांचे नवरेही बाहेरच राहिले. ते घोळक्याने विडी ओढत उभे होते आणि किशोर त्यांच्यात जाऊन उभा राहू शकत नव्हता.

समोरच्या लिंबाच्या कट्ट्यावर आकांक्षा बसली होती. धर्मेंद्र तिला घेऊन आला होता, पण तो घरी बाबांजवळ थांबला. अकोल्याहून निघाल्यापासून किशोर पुतणीशी एक शब्द बोलला नव्हता. चंदाशीही नाही. 'व्हिडिओ नाई होत,' एवढंच ती अकोल्यात म्हणाली होती, आणि त्याने ओरडायला तोंड उघडलं तेव्हा ती पोळपाट घेऊन बसली होती. तो ओरडला. तिने लाटणं थांबवलं नाही.

बसायला दुसरी जागा नव्हती. तो कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

आतून चंद्रभानचा आवाज आला. मोठा, भाषणाचा. शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती. अशी भाषणं किशोरने शेकड्याने केली होती. कुठे टाळी घ्यायची, कुठे थांबायचं. याला उत्तर कसं द्यायचं तेही त्याला आत्ता, या क्षणी, तोंडपाठ होतं. आणि ते देता येत नव्हतं.

"मतदान कसं घेते?" त्याने शेवटी विचारलं. आकांक्षाकडे न पाहता.

"हात वर करून. कोणी मागणी केली तर चिठ्ठीने."

"चिठ्ठीनं झालं तं बरं. चतुराबाई कदाचित..." तो थांबला. "देवमननं तिले धमकावलं असन. अन् नाई तरी ती आपल्याकडून कावून राहीन? आपला काय संबंध तिच्याशी?"

आकांक्षाने त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी सांगणार होती, असं त्याला वाटलं. पण ती म्हणाली, "ते मोठीआईला विचारा."

आतला आवाज थांबला. कोणीतरी खोकललं. मग एक बाईचा आवाज सुरू झाला, बारीक, खाली. किशोरने कान दिला. चंदाच होती. पण काय बोलत होती? तो उठून दोन पावलं पुढे गेला. मध्येच ती थांबली. अडखळली. विसरली. आता सारं संपलं. मग पुन्हा सुरू झाला तोच आवाज, आता थोडा मोठा. एक शब्द त्याला कळला. 'अंगनवाडी.' अंगणवाडीचं इथं काय? मग आणखी काही, आणि मग आत कोणीतरी हसलं. चंद्रभान नव्हता हसणारा. बाई होती.

घरात इतकी वर्षं ती बोलत आली होती, मीठ संपलं, पाणी आलं, जेवायला वाढू का. एवढं सलग बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. आणि आज ऐकायचं होतं तर मध्ये दार होतं.

मग तो आवाज बंद झाला, आणि किशोर परत कट्ट्यावर येऊन बसला.

दार उघडलं तेव्हा आधी चंद्रभान बाहेर आला. कोणाकडे न पाहता गाडीकडे गेला. त्याच्या मागून निघालेल्या एका सदस्याने नवऱ्यांच्या घोळक्याला हाताने सांगितलं, ठराव पडला. सात लागत होते, सहाच झाले, चतुराबाईचा हात वर गेला नव्हता.

चतुराबाई पायऱ्या उतरत होती. देवमन तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा गेला. "हात कावून नाई उचलला?"

चतुराबाई थांबली. तिचा चेहरा भीतीने ओढला होता, आणि तरी ती थांबली. "हात माहा व्हता," ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून चालू लागली. देवमन तिच्यामागे गेला. तिच्या घरी आता काय होईल, हे कट्ट्यावर बसल्या बसल्या दोघांनाही वाटून गेलं.

किशोर उठला आणि सवयीनं सरळ ऑफिसात निघाला. तहसीलदारांना भेटायचं होतं, चहा सांगायचा होता, पत्रकाराला फोन करायचा होता. दारात पाय ठेवला तर चंदा टेबलाशी बसली होती. तिच्या खुर्चीवर. तहसीलदार इतिवृत्त लिहीत होते, ती त्यांना काहीतरी समजावून सांगत होती. ग्रामसेवक उभा होता.

तिने वर पाहिलं. तिचे डोळे लाल होते, जणू आत्ताच रडून झालं होतं किंवा आता रडू येणार होतं.

"भायेर थांबा जरा," ती म्हणाली. "आमचं चालू हाये अजून."

किशोरला वाटलं, सगळ्यांनी ऐकलं. ग्रामसेवकाने खाली पाहिलं. बाहेर विडी ओढणारे गप्प झाले होते. काहीतरी बोलायला हवं होतं, तिला किंवा तहसीलदारांना, एक हसण्यावारी नेणारं वाक्य. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बाबा.

तो पायरीवर मागे आला.

"काय झालं रे?" पंजाबरावांचा आवाज कापत होता. "कोण फुटलं? तू काय बोलला सभेत? चंद्रभानले काय उत्तर देलं?"

"ठराव पडला, बाबा."

"पडला? तुहं भाषण ऐकून?"

"मी भायेर व्हतो."

"मंग बोललं कोण?"

किशोरने दाराकडे पाहिलं. आतून तिचा आवाज येत होता, तोच बारीक, आता कशाबद्दल तरी तहसीलदारांशी वाद घालणारा.

"काय बोलणं झालं ते मले मालूम नाई," तो म्हणाला. "सरपंच आत हायेत. भायेर आल्या का विचारून सांगतो."

त्याने फोन ठेवला. लिंबाखाली आकांक्षा त्याच्याकडे पाहत होती. ती थोडी सरकली, कट्ट्यावर जागा केली, आणि किशोर जाऊन तिच्या शेजारी बसला.